मोट, खळे आणि ट्रॅक्टर

इतिहासाच्या व्याख्यानाला जुन्नर तालुक्यात विषयांची वाण कधी पडलेली नाही. एकीकडे शिवनेरी, दुसरीकडे नाणेघाट, मध्ये लेण्याद्री. नाणेघाटातल्या लेखात सातवाहनांच्या राणीने यज्ञप्रसंगी दिलेल्या दानांची यादी आहे. गाई किती, घोडे किती, हत्ती किती, कार्षापण किती, सारे दगडावर कोरून ठेवले आहे. मात्र त्या यज्ञांना लागलेले धान्य कोणी पिकवले आणि कोणत्या अवजाराने पिकवले, हे कोरून ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही. तेव्हा आज आम्ही तेलावर चालणारी इंजिने, मळणीयंत्रे आणि जुने ट्रॅक्टर ह्यांविषयी बोलणार आहोत असे म्हटल्यावर ‘हा कसला इतिहास?’ असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. आपल्या डोळ्यांदेखत आलेल्या आणि डोळ्यांदेखत भंगारात गेलेल्या वस्तूंना इतिहास म्हणायला मन धजत नाही, हे खरे आहे. पण त्या वस्तूंविषयी बोलणारी माणसे अजून आपल्यात आहेत. आणखी वीस वर्षांनी ती नसतील.

ह्या विषयावर गावात कोणालाही विचारले तर एकच उत्तर येते, ‘ट्रॅक्टर आला आणि बैल गेला.’ वाक्य सुटसुटीत आहे, पण आमच्या मते ते खरे नाही. बैल एका दिवसात गेला नाही आणि त्याला प्रथम घालवले ते ट्रॅक्टरने तर नव्हेच. त्याच्या मानेवरची कामे एकेक करून काढून घेतली गेली; ती कोणत्या क्रमाने काढली गेली ह्याच्यात आपल्या भागातील शेतकरी कुटुंबांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास सामावलेला आहे. तो पाहावयाचा तर बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारासारखी दुसरी जागा नाही.

बेल्हे कल्याण-नगर रस्त्यावर आहे. पश्चिमेला आळेफाटा, पूर्वेला आण्याचा घाट. घाट चढला की आणे पठाराची आणि पुढे पारनेरची कोरडवाहू जमीन लागते. उलट दिशेने ओतूर, जुन्नर मागे टाकत गेले की भाताचा मावळ सुरू होतो. अशा दोन मुलुखांच्या मध्ये बैलांचा बाजार भरावा ह्यात नवल नाही. एका मुलुखाला पेरणीची घाई असते तेव्हा दुसरा थोडा मोकळा असतो, आणि जनावर हिंडते राहते. ह्या बाजारात आम्ही लहानपणी वडीलधाऱ्यांचे बोट धरून हिंडलो आहोत. बैलाचे दात पाहून आदत, दुसा, चौसा की जुळलेला हे सांगणारे हेडी, रुमालाखाली बोटे धरून ठरणारी किंमत, वशिंडावर पडणारी थाप आणि मग जोडी चार पावले चालवून दाखवणे, हे सारे आम्ही पाहिले आहे. बैल कशासाठी हवा, हा त्या बाजारातला पहिला प्रश्न असे. नांगराचा बैल निराळा, गाडीचा निराळा आणि मोटेचा निराळा. आम्ही म्हणतो तो इतिहास ह्या तीन शब्दांत आहे.

प्रथम नांगराकडे वळू. बाभळीचा लाकडी नांगर काळ्या, चिवट जमिनीत चालवावयाचा तर चार, सहा, प्रसंगी आठ बैल लागत. एवढे बैल एका घरी क्वचितच असत. म्हणून सावड. ज्याच्याकडे एक बैल त्याने दुसऱ्या एक बैलवाल्याशी जमवून घ्यावयाचे, आणि मोठे काम निघाले तर इर्जिक घालावयाची. सारी आळी आपापले बैल घेऊन एका शेतावर उतरे. यजमानाने जेवण घालावयाचे, मजुरी द्यावयाची नाही. नांगर घडवणारा सुतार, फाळ शेवटणारा लोहार, हे बलुत्याच्या कराराने बांधलेले. ह्या व्यवस्थेचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत. त्यांना आम्ही एवढेच आठवण करून देतो की भांडण झाले तर सावड मोडे, आणि ऐन मृगात सावड मोडलेल्या माणसाच्या शेताकडे पाहवत नसे.

लोखंडी नांगर आला तो ह्या व्यवस्थेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात आधी कडबा कापण्याचे यंत्र आणि मग नांगर केला, त्या वेळी लोखंडाने जमिनीला विष बाधते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर, किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तेथून हे नांगर दख्खनभर गेले. पहिल्या महायुद्धात बिडाचा तुटवडा पडला तेव्हा शाहू महाराजांनी जुन्या तोफा नांगर ओतण्यासाठी दिल्या अशी हकीकत सांगितली जाते. साताऱ्यात धनजीशा कूपर ह्यांचा कारखानाही नांगरांपासूनच सुरू झाला. ह्या नांगराने हरळी आणि कुंदा मुळासकट उपटला, हे त्याचे मोठे काम. पण त्याने आणखी एक गोष्ट केली, ती तेव्हा कोणाच्या फारशी लक्षात आली नसावी. नांगर आता सुताराच्या घरून बलुत्यावर येईना, तो दुकानातून रोख पैशाने येऊ लागला. फाळ झिजला तर नवा फाळही दुकानातूनच. शेतकरी आणि सुतार ह्यांच्यामधला पिढ्यान्‌पिढ्यांचा धागा पहिल्यांदा उसवला तो येथे. बैलाचे ओझे मात्र काही कमी झाले नाही. लोखंडी नांगर ओढायलाही बैलच लागत होते.

ते ओझे प्रथम कमी केले विहिरीवरच्या इंजिनाने, आणि येथे आम्हांला थोडे थांबावयाचे आहे. ज्यांनी मोट पाहिली नाही अशी मंडळी आता बहुसंख्य झाली आहेत. विहिरीच्या काठापासून उताराची धाव केलेली असे. बैल धावेने खाली जात तसतशी दीड-दोनशे लिटर पाणी भरलेली चामड्याची मोट वर येई आणि थारोळ्यात रिती होई. मग त्याच बैलांना पाठमोरे, मागच्या मागे चढ चढवून विहिरीपाशी आणावयाचे. नाडा जाड, सोल बारीक. दोन्हींवर लक्ष ठेवत मोटकरी नाड्यावर बसून खाली जाई आणि बैलांबरोबर वर येई. पहाटे तीनला सुरू झालेली मोट ऊन तापेपर्यंत चाले, पुन्हा दुपार कलली की जुंपावयाची. कार्तिकापासून वैशाखापर्यंत हे चाले, म्हणजे वर्षातले सहा-सात महिने. मोटकऱ्याच्या गाण्याचे कौतुक शहरातल्या लेखकांनी फार केले आहे. आमच्या आठवणीत त्या गाण्यापेक्षा पाठमोरे चढणाऱ्या बैलांच्या मागच्या पायांची थरथर अधिक ठसठशीत आहे. मोट गेली म्हणून आम्हांला कधी वाईट वाटलेले नाही.

साताऱ्याच्या कूपर कारखान्याने डिझेल इंजिने १९३०च्या दशकात करावयास घेतली. किर्लोस्करांचा स्वतंत्र इंजिन कारखाना १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला निघाला. आपल्या भागात सर्वसामान्य बागाइतदाराच्या विहिरीवर इंजिन बसले ते त्यानंतर, १९५० आणि १९६०च्या दशकांत. भूविकास बँकेचे कर्ज काढावयाचे, त्यासाठी जमीन गहाण टाकावयाची, आणि पाच अश्वशक्तीचे इंजिन घरी आणावयाचे. ते आणले जाई बैलगाडीतून! ज्यांची मोट सुटणार होती त्याच बैलांनी ते खडीच्या रस्त्याने ओढत आणलेले असे. इंजिनाला नारळ फोडला जाई, हळदकुंकू लावले जाई. हँडल मारणारा गडी म्हणजे त्या काळातला कारागीर. हँडल उलटे फिरले तर मनगट मोडे, म्हणून ते काम पोरांना करू देत नसत. रात्री त्या फटफट आवाजावरून कोणाची विहीर चालू आहे हे अंथरुणात पडल्या पडल्या ओळखता येई, आणि आवाज मध्येच बंद पडला की पाणी आटले की तेल संपले ह्यावर घरात पैजा लागत.

ह्या इंजिनाने बैलाच्या वर्षातले सहा महिने रिकामे केले. आमच्या विवेचनाचा सारा भार ह्या एका वाक्यावर आहे. मोट होती तोवर बैलजोडी बारमाही कामाची होती आणि तिचा बारमाही कडबा परवडत होता. मोट गेल्यावर तीच जोडी नांगरट, पाळी, पेरणी आणि थोडी गाडीची वाहतूक एवढ्यापुरती उरली. दीड-दोन महिन्यांच्या कामासाठी बारा महिने चारावयाचे, हा हिशेब घरातल्या म्हाताऱ्याने मांडला नाही तरी सुनेने मांडला, कारण शेण काढावयाचे आणि पाणी पाजावयाचे काम तिचे होते. बाजारात मोटेच्या बैलाची चौकशी थांबली. मोट शिवणाऱ्या चर्मकाराचे काम गेले ते त्याच वेळी. सुताराइतकी त्याची आठवण कोणी काढत नाही, म्हणून येथे मुद्दाम काढली. ट्रॅक्टर पुढे आला तेव्हा त्याला बैलाशी झुंजावे लागलेच नाही. बैलाची अर्धी जागा आधीच मोकळी झालेली होती.

दुसरी जागा खळ्याची. बाजरीची कणसे खुडून किंवा गहू सोंगून खळ्यावर आणावयाचा, मध्ये तिवडा रोवावयाचा, त्याला बैलांची पात जोडावयाची. बैलांच्या तोंडाला मुसके बांधावे की नाही, ह्यावर आमच्या आळीत दोन पक्ष होते. मळलेल्या धान्याचा कोंड्यासकट झालेला ढीग म्हणजे मदन. वारा सुटला की वावडीवर उभे राहून तो उपणावयाचा, खाली बाया हातणीने बोंडे बाजूला सारत. वारा पडला की सारे हात थांबत. आठ-आठ दिवस वाऱ्याची वाट पाहत खळ्यावर निजलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. रास झाली की खळ्यावरच बलुतेदारांचे वाटे निघत, आणि मग उरलेले धान्य घरी येई.

ह्या खळ्यावर यंत्र आले ते हळूच, आणि प्रथम बैलांच्याच मागे आले. लोखंडी तव्यांचे ओलपाड मळणीयंत्र, हे नाव गुजरातेतल्या ओलपाडावरून पडले, बैलच ओढत. मग विहिरीवरचेच इंजिन उचलून खळ्यावर आणले गेले आणि पट्टा लावून त्यावर मळणीयंत्र फिरू लागले. डांबरी सडक झाल्यावर काही शहाण्यांनी त्यावर पेंढ्या पसरून येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारींकडून फुकट मळणी करून घेतली. ड्रायव्हर शिव्या देत, पण गाडी नेत त्यावरूनच. यंत्राने पंधरा दिवसांचे काम एका दिवसावर आणले. वाऱ्याची वाट पाहणे संपले, कारण वारा यंत्राच्या पोटातच होता. अवकाळी पावसात रास भिजून कोंब फुटण्याचे संकट पुष्कळ कमी झाले, हा उपकार लहानसहान नव्हे.

पण बैलाच्या पायाखाली कोणाचा हात गेल्याचे आम्ही ऐकलेले नाही. मळणीयंत्राच्या तोंडात गेलेले हात मात्र पाहिले आहेत. रात्रपाळीची मळणी, डोळ्यांवर झोप, तोंडाशी पेंढी रेटणारा मजूर, बाहीचे टोक किंवा पदर अडकला की पुढचे सांगवत नाही. देशभर असे अपघात इतके झाले की १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा संसदेला करावा लागला, आणि त्याचे मुख्य लक्ष्य हे शेतातले मळणीयंत्रच होते. ज्यांचे हात गेले ते बहुतेक भाड्याने आलेले मजूर होते, यंत्राचे मालक नव्हेत. सुगीच्या यंत्रांच्या आठवणी सांगताना मालकाच्या आठवणी आणि मजुराच्या आठवणी एकाच टोपलीत घालणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही.

आता ट्रॅक्टर. हे वाहन मूळचे परक्या देशातल्या परक्या गरजेतून जन्मलेले. अमेरिकेत १९१७ मध्ये फोर्डसन निघाला. पहिल्या महायुद्धात माणसे आणि घोडे आघाडीवर गेल्याने इंग्लंडने तो घाईने आणवला. पुढे हॅरी फर्ग्युसन ह्या आयरिश माणसाने अवजार ट्रॅक्टरच्या मागे नुसते बांधण्याऐवजी तीन सांध्यांवर जोडून तेलाच्या दाबाने उचलण्याची युक्ती काढली. त्यामुळे हलका, लहान ट्रॅक्टरही खोल नांगरू लागला. आज आळेफाट्यावर उभा असलेला कोणताही ट्रॅक्टर मागून पाहा, ते तीन सांधे दिसतील. तिकडे शेते मोठी, माणसे थोडी. घरचा ट्रॅक्टर घरच्याच शेतावर चाले, बाप आणि मुलगा तो आळीपाळीने चालवत आणि आजोबांचा ट्रॅक्टर नातू आज रंग देऊन जत्रेत मिरवतो.

आपल्याकडे तो प्रथम आला सरकारचा म्हणून. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याने मागे ठेवलेली यंत्रे घेऊन केंद्र सरकारने १९४७ मध्ये ट्रॅक्टर संघटना काढली. १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला शेतीयंत्रांसाठी १ कोटी डॉलरचे कर्ज दिले, आणि त्या यंत्रांनी मध्य भारतातली कांस गवताने गिळलेली जमीन मोकळी केली. साऱ्या देशात १९५१ मध्ये ट्रॅक्टर साडेआठ हजारांच्या आसपास होते. १९६१ मध्ये सुमारे ३१,०००. बहुतेक सारे परदेशी, चेकोस्लोव्हाकियाचे झेटॉर, रशियाचे बेलारूस, इंग्लंडचे फर्ग्युसन. देशात ट्रॅक्टर जुळवण्याची सुरुवात १९५९ मध्ये फरीदाबादेत आयशरने केली. महिंद्रांनी १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर ह्या अमेरिकन कंपनीच्या भागीदारीत मुंबईला कांदिवलीत कारखाना काढला, आणि त्याचा बी-२७५ हा लाल ट्रॅक्टर महाराष्ट्रात घरोघर नसला तरी गावोगाव माहीत झाला. एच. एम. टी. चा झेटॉर १९७१ चा. किर्लोस्करांनीही १९७४ मध्ये नाशिकला ट्रॅक्टर कारखाना काढला होता, पण नांगराइतके यश त्यांना त्यात लाभले नाही.

१९६९ मध्ये १४ बँका राष्ट्रीय झाल्या आणि ट्रॅक्टरला कर्ज मिळणे सोपे झाले. मग १९७२चा दुष्काळ आला. आणे पठाराला दुष्काळ नवा नव्हे. पण त्या वर्षी कडबा मिळेना, विहिरी आटल्या, आणि मिळेल त्या भावाने जनावरे गेली. पाऊस परतल्यावर ज्यांनी बैल विकले होते त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला, नवी जोडी घ्यावयाची की भाड्याने नांगरून घ्यावयाचे? पुष्कळांनी ‘ह्या वर्षापुरते’ म्हणून ट्रॅक्टर सांगितला. ते वर्ष अजून संपलेले नाही. पुढे माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणे झाली, तालुक्यात ऊस, कांदा, टोमॅटो वाढला, आणि एका पिकामागून दुसरे पीक घेण्याची घाई बैलाच्या चालीला झेपेनाशी झाली.

येथे एक कोडे आहे. महाराष्ट्रात एका खातेदाराची सरासरी जमीन १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती; २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. जमिनीचे तुकडे तिपटीने लहान झाले, आणि ट्रॅक्टर मात्र वाढतच गेले. २०२२-२३ ह्या एका वर्षात देशात नऊ लाखांहून अधिक विकले गेले. मोठ्या शेतासाठी जन्मलेले यंत्र तीन एकरांच्या रानात कसे रुजले? उत्तर भाड्यात आहे. आपल्याकडे ट्रॅक्टर हे फारच थोड्यांच्या बाबतीत घरच्या शेतीचे अवजार राहिले. बहुतेकांच्या दृष्टीने तो एक धंदा झाला. एका घरात ट्रॅक्टर, आणि साऱ्या शिवारात त्याची हजेरी. आमच्या मते सावडीचेच हे नवे रूप आहे, एक फरक सोडून: सावडीत दोन्ही बाजूंना एकमेकांची गरज होती, आता गरज एका बाजूची आणि रांग लावणेही त्याच बाजूचे. पहिला पाऊस झाला की ट्रॅक्टरवाल्याच्या दारात जे उभे राहतात त्यांत एके काळी स्वतःची जोडी बाळगणाऱ्यांची मुले असतात. ओळखीच्या माणसाचे रान आधी होते, बिनओळखीच्याचा वाफसा निघून जातो.

एवढे सारे यंत्राने घेतले, तरी ज्वारी-बाजरीची कापणी त्याने घेतली नाही, हे ध्यानात ठेवावयास हवे. गव्हासाठी अलीकडे पंजाबातून मोठी कापणी-मळणी यंत्रे गावोगाव फिरतात. ज्वारीला ती चालत नाहीत, कारण शेतकऱ्याला दाण्याइतकाच कडबा हवा असतो आणि तो उभा, अखंड हवा असतो. तेव्हा विळा अजून आहे. आणि तो बहुतेक बाईच्या हातात आहे. यंत्राने पुरुषाची कामे आधी उचलली आणि बाईची तशीच ठेवली, असे कोणी म्हटले तर आम्ही त्याला विरोध करणार नाही.

बेल्ह्याचा बाजार ह्या सगळ्यांतून टिकला, पण बदलला. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे. त्यामुळे थकलेल्या बैलाला गिऱ्हाईक उरले नाही आणि नवा घेणारा दहा वेळा विचार करतो. उलट बाजूने शर्यतीच्या बैलाचे मोल चढले. बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती कायम केली. ज्याला आयुष्यात नांगर ठाऊक नाही अशा खिल्लाराची किंमत आज लाखांत सांगितली जाते. भाद्रपदी पोळ्याला अजून झुली आणि बाशिंगे निघतात. काही घरी गोठा रिकामा म्हणून ट्रॅक्टरच्या चाकांना हळदकुंकू लावून पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात. ह्याला कोणी हसतात. आम्हांला त्यात हसण्याजोगे काही दिसत नाही. जवळच आळ्याला ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे, आणि राबणाऱ्याला नमस्कार करण्याची ह्या भागाची सवय जुनी आहे.

जुनी यंत्रे कोठे गेली, हे आम्ही ह्या व्याख्यानाच्या निमित्ताने शोधत हिंडलो. बी-२७५ दोन सापडले. एक पाण्याच्या टँकरला जुंपलेला, दुसऱ्यावर वेल चढलेला. इंजिने बहुतेक किलोच्या भावाने गेली. त्यांचे चौथरे मात्र विहिरीच्या कडेला अजून आहेत, त्यांत बोल्ट गंजलेले, आणि शेजारी विजेची मोटर. काही ठिकाणी चौथऱ्याखाली मोटेच्या धावेचा दगडी बांधही ओळखू येतो. एका विहिरीवर आम्ही मालकाला विचारले, हा चौथरा काढून का टाकला नाही? तो म्हणाला, वडिलांनी त्यासाठी चार एकर गहाण टाकले होते, ते सोडवायला आठ वर्षे लागली, राहू द्या.

मागल्या पोळ्याच्या आधीच्या सोमवारी आम्ही पुन्हा बाजारात गेलो होतो. एक वृद्ध गृहस्थ आपली जोडी विकत होते. मुलाने ट्रॅक्टरचा इसार देऊन ठेवला होता आणि गोठ्याची जागा त्याला हवी होती. सौदा लवकर झाला. घेणारा घाटावरचा होता, दोन एकरांचा धनी, त्याच्या डोंगरउताराच्या पट्ट्यात ट्रॅक्टर वळत नव्हता. पैसे मोजून झाले. म्हाताऱ्याने बैलांच्या गळ्यातली आपली दावी सोडून घेतली, घेणाऱ्याने नवी बांधली. बैल टेम्पोत चढेनात. तेव्हा म्हाताराच पुढे झाला, फळीवर चढला, आणि त्याच्यामागून ते मुकाट्याने आत गेले. मग तो बाजूने खाली उतरला आणि दावी खांद्यावर टाकून आळेफाट्याच्या गाडीसाठी रस्त्यावर जाऊन उभा राहिला.